लांब पल्ल्याचा घोडा : सेंट लेजर शर्यत आणि ‘सयाजीराव’



क्रॉस-कंट्रीत सुरुवातीला मागे असलेला एखादा कॅडेट शेवटच्या किलोमीटरमध्ये एकेकाला मागे टाकत पुढे आला, की आपले हरियाणवी मित्र कौतुकाने म्हणतात, ‘लंबी रेस का घोडा है!’ परीक्षा तोंडावर आली की आपण मराठीत म्हणतो, ‘घोडामैदान जवळच आहे.’ माणसाची पारख घोड्यावरून करायची सवय दोन्ही भाषांना आहे. पण ही ‘लांब शर्यत’ खरोखर किती लांब असते? ती कोणी सुरू केली? आणि ती जिंकणारा घोडा छोट्या शर्यतीत जिंकणाऱ्या घोड्यापेक्षा वेगळा का असतो?

या प्रश्नांची उत्तरे देणारी एक जुनी शर्यत इंग्लंडमध्ये आहे. तिचे नाव सेंट लेजर. भारत स्वतंत्र झाल्यावर जेमतेम महिनाभरात, सप्टेंबर १९४७ मध्ये, ही शर्यत ‘सयाजीराव’ नावाच्या घोड्याने जिंकली. त्याचे मालक होते बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड. त्यांचेच एक पूर्वज, दमाजीराव गायकवाड, १७६१ मध्ये आपल्या या पानिपतच्या मैदानावर लढले होते. म्हणून ही गोष्ट आपल्या मराठी पानावर सांगण्यासारखी आहे.

एका सैनिकाने सुरू केलेली शर्यत

पानिपतची तिसरी लढाई १७६१ ची. त्यानंतर पंधरा वर्षांनी, १७७६ मध्ये, इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यात डॉन्कास्टर गावाजवळच्या माळावर तीन वर्षांच्या घोड्यांची एक शर्यत झाली. ती भरवण्याची कल्पना अँथनी सेंट लेजर यांची. ते सैन्यात अधिकारी होते, पार्लमेंटचे सभासदही झाले होते, आणि डॉन्कास्टरजवळच राहत होते. अंतर होते दोन मैल, म्हणजे सुमारे ३२०० मीटर. लॉर्ड रॉकिंगहॅम या सरदाराच्या घोडीने ती पहिली शर्यत जिंकली. त्या घोडीला तेव्हा नावसुद्धा नव्हते. पुढे तिची ओळख ‘अलाबाक्युलिया’ या नावाने राहिली.

शर्यतीलाही दोन वर्षे नाव नव्हते. १७७८ मध्ये नाव ठरवायची वेळ आली तेव्हा रॉकिंगहॅम यांचे नाव सुचवण्यात आले. त्यांनी ते नाकारले आणि ज्याची कल्पना त्याचेच नाव द्यावे असे सुचवले. अशा रीतीने एका लष्करी अधिकाऱ्याचे नाव घोड्यांच्या शर्यतीला मिळाले, आणि ते आज जगभर चालते. आपल्या पुण्यातही ‘इंडियन सेंट लेजर’ आहे. तिच्याकडे पुढे येऊ.

इंग्लंडमध्ये तीन वर्षांच्या घोड्यांच्या पाच शर्यतींना ‘क्लासिक’ म्हणतात. सेंट लेजर (१७७६), ओक्स (१७७९), डर्बी (१७८०), टू थाउजंड गिनीज (१८०९) आणि वन थाउजंड गिनीज (१८१४) अशा त्या सुरू झाल्या. यांत सेंट लेजर सर्वांत जुनी आणि सर्वांत लांब. १८१३ मध्ये तिचे अंतर कमी केले, तरी ती आजही सुमारे २९०० मीटर आहे.

ओक्स आणि वन थाउजंड गिनीज या फक्त घोड्यांच्या माद्यांसाठी आहेत. उरलेल्या तीन शर्यती एकाच घोड्याने एकाच वर्षी जिंकल्या, तर त्याला ‘ट्रिपल क्राउन’, म्हणजे तिहेरी मुकुट मिळाला असे मानतात. त्यांचा क्रम लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर आहे :

टू थाउजंड गिनीज : वसंतात, न्यूमार्केटला, सुमारे १६०० मीटर.
डर्बी : उन्हाळ्याच्या सुरुवातीला, एप्समला, सुमारे २४०० मीटर.
सेंट लेजर : सप्टेंबरमध्ये, डॉन्कास्टरला, सुमारे २९०० मीटर.

म्हणजे घोडा जसजसा वाढतो, तसतशी परीक्षा लांबत जाते. १६०० मीटरला लागतो तो वेग आणि २९०० मीटरला लागतो तो दम. हे दोन्ही एकाच अंगात असणे फार दुर्मिळ. १८५३ मध्ये ‘वेस्ट ऑस्ट्रेलियन’ या घोड्याने पहिला तिहेरी मुकुट मिळवला. १९७० मध्ये ‘निजिन्स्की’ने तो मिळवला, आणि त्यानंतर आजपर्यंत एकाही घोड्याला तो साधलेला नाही. २०१२ मध्ये ‘कॅमलॉट’ पहिल्या दोन शर्यती जिंकून डॉन्कास्टरला आला, पण तिथे दुसरा आला. अडवणारी शर्यत शेवटचीच.

युद्धाचा चटका या शर्यतीलाही बसला. १९३९ मध्ये ‘ब्लू पीटर’ने गिनीज आणि डर्बी जिंकली होती. सप्टेंबर सुरू झाला, दुसरे महायुद्ध पेटले आणि सेंट लेजर रद्द झाली. त्या घोड्याची परीक्षा झालीच नाही. युद्धाच्या पुढच्या वर्षांत शर्यत कधी थर्स्कला, कधी मँचेस्टरला, कधी न्यूमार्केटला भरली. १९४६ मध्ये ती डॉन्कास्टरला परतली, आणि त्या वर्षी डर्बी आणि सेंट लेजर दोन्ही जिंकणाऱ्या घोड्याचे नाव होते ‘एअरबोर्न’. त्याच्या पुढच्या वर्षी आला ‘सयाजीराव’.

थरोब्रेड म्हणजे कोणता घोडा?

या शर्यतींत ‘थरोब्रेड’ जातीचेच घोडे धावतात. ही जात इंग्लंडमध्ये तयार झाली, पण तिचे मूळ पुरुष पूर्वेकडून गेलेले आहेत. आज जगातल्या प्रत्येक थरोब्रेडची वडिलांकडची वंशावळ तीन घोड्यांपर्यंत जाते : बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन. यांतला बायर्ली टर्क हा कॅप्टन रॉबर्ट बायर्ली यांचा लढाईतला घोडा होता. १६९० मधल्या आयर्लंडच्या बॉइनच्या लढाईत तो होता असे सांगतात. डार्ली अरेबियन १७०४ मध्ये सीरियातल्या अलेप्पोहून इंग्लंडला गेला. या पूर्वेच्या घोड्यांची स्थानिक घोड्यांशी पैदास करून ही जात घडली.

१७९१ मध्ये इंग्लंडमध्ये वंशावळीचे पुस्तक छापले गेले. ज्याचे आईबाप त्या नोंदीत, तोच थरोब्रेड. आजही हाच नियम आहे. शर्यतीतल्या घोड्याच्या नावाबरोबर बाप आणि आई यांची नावे छापतात ती यासाठीच.

आपल्या दख्खनच्या घोड्याची परीक्षा वेगळी होती. भीमा नदीच्या खोऱ्यातल्या भीमथडी तट्टाला कोणी तीन मिनिटे भरधाव पळवून पाहिले नाही. थोड्या चंदीवर, खडकाळ वाटेने, दिवसामागून दिवस मजल मारणे हे त्याचे काम. थरोब्रेड अंगाने उंच, पातळ कातडीचा, वेगवान आणि नाजूक. भीमथडी ठेंगणे आणि काटक. कोणता घोडा चांगला, हे काम सांगितल्याशिवाय सांगता येत नाही.

बडोद्याचे महाराज आणि अठ्ठावीस हजार गिनी

प्रतापसिंहराव १९३९ मध्ये बडोद्याच्या गादीवर आले. त्यांच्याआधीचे महाराज म्हणजे त्यांचे आजोबा, तिसरे सयाजीराव. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावात जन्मलेले, दत्तक जाऊन राजे झालेले, सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू करणारे, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देणारे. मराठी माणूस ‘सयाजीराव’ म्हणतो तेव्हा त्याला हेच सयाजीराव आठवतात.

नातवाला घोड्यांचे वेड होते. मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर १९४३ मध्ये पहिली भारतीय डर्बी झाली. ती जिंकणारी घोडी ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ बडोद्याच्या महाराजांची होती. तिच्यावर एडगर ब्रिट हा ऑस्ट्रेलियन जॉकी होता. युद्ध संपल्यावर महाराजांनी इंग्लंडमध्ये तबेला उभा केला. सॅम आर्मस्ट्राँग हे त्यांचे प्रशिक्षक, आणि जॉकी तोच एडगर ब्रिट.

१९४५ मध्ये ‘दान्ते’ नावाच्या घोड्याने इंग्लंडची डर्बी जिंकली. त्याचाच सख्खा भाऊ, म्हणजे बाप ‘निअर्को’ आणि आई ‘रोझी लेजंड’ यांचे वर्षाचे शिंगरू, त्याच वर्षी लिलावात आले. महाराजांनी २८,००० गिनी मोजून ते घेतले. एक गिनी म्हणजे एकवीस शिलिंग, म्हणजे ही रक्कम २९,४०० पौंड, त्या वेळच्या दराने जवळजवळ चार लाख रुपये. वर्षाच्या शिंगरासाठी त्या काळी हा विक्रम होता. बाप निअर्को इटलीत जन्मलेला, चौदा शर्यती धावून चौदाही जिंकलेला. या शिंगराला नाव मिळाले ‘सयाजीराव’.

एवढी किंमत आणि एवढी वंशावळ असली, की लोक पहिल्या दिवसापासून पहिल्या नंबराची अपेक्षा करतात. तसे झाले नाही.

१९४७ चे तीन निकाल

त्या वर्षीच्या तिन्ही शर्यतींत पहिले तीन घोडे असे आले :

टू थाउजंड गिनीज : १. ट्यूडर मिनस्ट्रेल, २. सॅराव्हान, ३. सयाजीराव.
डर्बी : १. पर्ल डायव्हर, २. मिगोली, ३. सयाजीराव.
सेंट लेजर : १. सयाजीराव, २. अर्बार, ३. मिगोली.

पहिल्या शर्यतीत ट्यूडर मिनस्ट्रेलने सगळ्यांची दाणादाण उडवली. तो आठ लांबींनी जिंकला. घोड्यांच्या शर्यतीत ‘लांबी’ म्हणजे नाकापासून शेपटीपर्यंत एका घोड्याएवढे अंतर, अडीच मीटरच्या आसपास. म्हणजे तो जवळजवळ वीस मीटर पुढे होता. असा घोडा पुन्हा होणे नाही, असे इंग्लंडभर बोलले जाऊ लागले. डर्बीत तर त्याच्यावरच सर्वांची मदार होती.

पण डर्बीचे अंतर आठशे मीटरने जास्त. तिथे तोच ट्यूडर मिनस्ट्रेल चौथा आला. फ्रान्समध्ये जन्मलेला पर्ल डायव्हर, ज्याची फारशी कोणी दखल घेतली नव्हती, तो चार लांबींनी जिंकला. सयाजीराव पुन्हा तिसरा. मात्र एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. १६०० मीटरवर जो घोडा सयाजीरावच्या कितीतरी पुढे होता, तो २४०० मीटरवर त्याच्या मागे होता. सयाजीरावचा नंबर बदलला नव्हता, पण नंबराचा अर्थ बदलला होता.

त्यानंतर सयाजीरावने आयर्लंडची डर्बी जिंकली. मग सप्टेंबर आला, आणि २९०० मीटरची सेंट लेजर. सयाजीराव आणि फ्रान्सचा अर्बार जवळजवळ बरोबरीने सीमारेषेवर आले. सयाजीराव एका डोक्याने जिंकला. घोड्यांच्या भाषेत ‘एक डोके’ म्हणजे अक्षरशः घोड्याच्या डोक्याएवढे अंतर. तीन हजार मीटरच्या जवळपास धावून फरक अर्ध्या-पाऊण मीटरचा.

मागे राहिलेले घोडे कोण होते?

विजेत्याची किंमत त्याने कोणाला हरवले यावरून कळते. म्हणून दुसऱ्या आणि तिसऱ्या नंबराची चौकशी करायला हवी.

दुसरा आलेला अर्बार पुढच्या वर्षी, १९४८ मध्ये, अॅस्कॉटचा गोल्ड कप जिंकला. ती शर्यत अडीच मैलांची, म्हणजे चार हजार मीटरची. इंग्लंडमध्ये दमदार घोड्याची त्याहून मोठी कसोटी नाही. तिसरा आलेला मिगोली १९४८ मध्येच पॅरिसची ‘आर्क द ट्रिओम्फ’ शर्यत जिंकला. युरोपातल्या सर्वांत मानाच्या शर्यतींत तिची गणना होते. याच मिगोलीने १९४७ च्या उन्हाळ्यात एक्लिप्स शर्यतीत ट्यूडर मिनस्ट्रेललाही हरवले होते. अशा दोन घोड्यांना सयाजीरावने एकाच दुपारी मागे टाकले होते.

मिगोलीचे मालक होते तिसरे आगाखान. पुण्यातला आगाखान पॅलेस, जिथे १९४२ पासून गांधीजींना स्थानबद्ध ठेवले होते, तो यांनीच बांधलेला. म्हणजे डॉन्कास्टरच्या त्या शर्यतीत पहिल्या घोड्याचे मालक बडोद्याचे होते आणि तिसऱ्या घोड्याच्या मालकांचा वाडा पुण्यात होता.

सयाजीराव पुढे पैदाशीसाठी ठेवला गेला. त्याची मुलेही बापावर गेली. ‘ग्लॅडनेस’ ही घोडी १९५८ मध्ये अॅस्कॉटचा गोल्ड कप जिंकली, आणि ‘इंडियाना’ने १९६४ मध्ये बापाचीच शर्यत, सेंट लेजर, जिंकली. दम हा गुण रक्तातून पुढे जातो, याचा हा चांगला दाखला.

दम म्हणजे नेमके काय?

घोड्याचे हृदय चार-पाच किलोचे असते. उभा असताना ते मिनिटाला तीस-चाळीस ठोके देते, भरधाव पळताना दोनशेच्या वर. घोडा तोंडाने श्वास घेत नाही, फक्त नाकाने घेतो. भरधाव पळताना त्याची प्रत्येक झेप आणि प्रत्येक श्वास एकमेकांशी जुळलेले असतात : एक झेप, एक श्वास. त्याच्या प्लीहेत तांबड्या रक्तपेशींचा साठा असतो. पळायला लागला की तो साठा रक्तात सोडला जातो आणि रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद वाढते. म्हणजे निसर्गाने घोड्याला राखीव कुमक दिलेली आहे.

तरीही सर्वाधिक वेगाने घोडा काही शे मीटरच पळू शकतो. त्यापुढे स्नायूंना लागणारा प्राणवायू पुरत नाही, आम्ल साठते आणि पाय जड होतात. २९०० मीटरची शर्यत तीन मिनिटांच्या आसपास चालते. एवढा वेळ कोणताही घोडा पूर्ण वेगाने पळू शकत नाही. म्हणून लांब शर्यतीत जॉकीचे पहिले काम घोड्याला पळवण्याचे नसते. त्याला शांत ठेवण्याचे असते. उतावळा घोडा लगाम ओढतो, मान उडवतो, आणि त्यातच त्याची ताकद खर्च होते. शहाणा जॉकी त्याला दुसऱ्या घोड्याच्या मागे, वाऱ्याच्या आडोशाला ठेवतो, श्वास एका लयीत येऊ देतो आणि शेवटच्या सरळ वाटेची वाट पाहतो. डॉन्कास्टरची शेवटची सरळ वाट आठशे मीटरपेक्षा जास्त लांब आहे. ज्याने तिथपर्यंत काही शिल्लक ठेवले, त्याचीच ती वाट.

आपल्या क्रॉस-कंट्रीलाही हेच लागू आहे. पहिल्या किलोमीटरला शाळेच्या फाटकाशी टाळ्या वाजवणारे पालक असतात, म्हणून तिथे जोर काढावासा वाटतो. पण तिथे कोणी नंबर मांडत नाही.

पानिपतवर घोड्यांचे काय झाले?

शर्यत आणि लढाई यांची बरोबरी करू नये. शर्यतीत हरलेला घोडा संध्याकाळी तबेल्यात चंदी खातो. इथे, १४ जानेवारी १७६१ ला, हरलेल्यांतले हजारो परतलेच नाहीत. पण ज्यांच्या जिवावर मराठ्यांनी हिंदुस्थानभर मोहिमा केल्या, त्या घोड्यांच्या बाजूनेही ही लढाई एकदा पाहावी. ते आपल्याच अंगणात घडले आहे.

मराठी स्वाराची ताकद होती मजल मारण्यात. हलका सरंजाम, काटक घोडा, आज इथे तर उद्या पन्नास कोसांवर. पानिपतला तो घोडा तळावर कोंडला गेला. दोन-अडीच महिने छावणीला वेढा होता. डिसेंबरमध्ये रसद जमवणारे आणि शत्रूची रसद तोडणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले, आणि उरलासुरला पुरवठाही आटला. माणसांना धान्य नव्हते तिथे जनावरांना चंदी आणि वैरण कुठून मिळणार? घोडे छावणीतच मरू लागले. जे उरले ते उपाशी, हाडे निघालेले. अशा घोड्यांवर बसून आपले लोक सकाळी लढाईला निघाले.

दमाजीराव गायकवाड त्या दिवशी डाव्या बाजूला, इब्राहिमखान गारदी आणि विठ्ठल शिवदेव विंचूरकर यांच्याबरोबर होते. समोर रोहिले होते. सकाळचा जोर मराठ्यांचा होता, आणि दुपारपर्यंत अनेक ठिकाणी शत्रू मागे हटला होता. पण अब्दालीने काही स्वार राखून ठेवले होते. दुपारनंतर त्याने ते ताज्या दमाचे स्वार आणि उंटांवरच्या हलक्या तोफा पुढे घातल्या. विश्वासराव पडले, भाऊसाहेब पडले, फळी फुटली. त्या वेळी मराठ्यांच्या उपाशी घोड्यांत ना चालून जाण्याचा दम उरला होता, ना पळून सुटण्याचा.

पानिपतच्या पराभवाची कारणे पुष्कळ आहेत आणि इतिहासकार त्यांवर आजही वाद घालतात. पण ज्याच्याकडे दिवसाच्या शेवटी राखीव बळ होते तो जिंकला, आणि ज्याच्या घोड्याच्या पोटात चंदी नव्हती तो हरला, यात वाद नाही. शौर्य दोन्हीकडे होते. काला अंबला जाल तेव्हा तिथे लढलेल्या माणसांना मुजरा करा, आणि त्यांच्या घोड्यांनाही विसरू नका. रसद हा शब्द पुस्तकात रुक्ष वाटतो. इथे त्याचा अर्थ घोड्याच्या रिकाम्या तोबऱ्यासारखा स्पष्ट दिसतो.

दमाजीराव या लढाईतून वाचून परतले. बडोद्याचे घराणे टिकले, म्हणूनच एकशे शहाऐंशी वर्षांनी त्या घराण्याचे नाव डॉन्कास्टरच्या फलकावर झळकले.

पैशाची दुसरी बाजू

गोष्ट पूर्ण सांगायची तर हेही सांगायला हवे. एका शिंगरासाठी चार लाख रुपये मोजणारे राज्य हे प्रजेच्या सारापट्टीवर चालणारे राज्य होते. महाराजांच्या खर्चावर तेव्हाच टीका झाली. १९४८ मध्ये त्यांच्या ‘माय बाबू’ने टू थाउजंड गिनीजही जिंकली. पण १९४९ मध्ये बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले, आणि १९५१ मध्ये भारत सरकारने प्रतापसिंहरावांची महाराज म्हणून असलेली मान्यता काढून घेतली. आजोबांचे नाव शाळा, ग्रंथालये आणि शिष्यवृत्त्यांमुळे राहिले. नातवाचे नाव घोड्यांमुळे. दोन्हींतले कोणते मोठे, हे वाचकांनी ठरवावे. घोड्याचा मात्र यात काही दोष नाही.

पालकांसाठी एक वाक्य : रेसकोर्सवर पैजा लागतात, आणि त्या नादात घरे बुडालेली आहेत. घोडा पाहायला, ओळखायला, त्यावर बसायला शिकणे वेगळे, आणि त्याच्यावर पैसे लावणे वेगळे.

आज हे कुठे पाहाल?

आपल्याकडे मुंबई आणि पुण्याच्या शर्यती रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब भरवतो. हिवाळ्याचा हंगाम मुंबईत महालक्ष्मीला, पावसाळ्याचा पुण्यात कॅम्प भागात. भारताचा तिहेरी मुकुटही इंग्लंडच्या धर्तीवर आहे. इंडियन टू थाउजंड गिनीज १६०० मीटर, इंडियन डर्बी २४०० मीटर, आणि शेवटची इंडियन सेंट लेजर २८०० मीटर. भारतीय डर्बी जिंकणारा ‘स्क्वाँडरर’ हा आपल्याकडचा नावाजलेला घोडा. तो १९ शर्यती धावला आणि १८ जिंकला.

शर्यतीपेक्षा सैन्यातल्या घोड्यांत रस असेल, तर फार दूर जायला नको. आपल्याच हरियाणात हिसारला लष्कराचे अश्वप्रजनन केंद्र आहे. घोडे आणि खेचरे यांची जबाबदारी सैन्यात रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरकडे असते. त्यांचे केंद्र मेरठला आहे. जयपूरची ६१ कॅव्हलरी ही घोडेस्वारांची रेजिमेंट आहे. घोडेस्वारीची आवड असलेल्या कॅडेटने या तिन्ही नावांची माहिती करून घ्यावी. पुढे त्यांतलेच एखादे त्याच्या पोस्टिंगच्या कागदावर असू शकेल.

शेवटी, कधी टीव्हीवर एखादी लांब शर्यत लागली, तर सगळ्यांत पुढच्या घोड्याकडे पाहू नका. पहिल्या अर्ध्या अंतरात तीन गोष्टी पाहा. कोणता घोडा मान खाली ठेवून शांत पळतो आहे? कोणत्या जॉकीचे हात स्थिर आहेत? कोण वाऱ्याच्या आडोशाला आहे? त्या घोड्यावर नजर ठेवा आणि शेवटच्या वळणानंतर तो कुठे जातो ते पाहा. प्रत्येक वेळी तोच जिंकेल असे नाही. पण तो का जिंकला किंवा का हरला, हे तुम्हाला शेजारी बसलेल्याला सांगता येईल.